वाळूतली बाहुली

१

टेबल बोललं, आणि आवाज माझ्या मुलीचा होता.

आवाज तिचाच असणार, त्यात नवल नव्हतं. तो मीच रेकॉर्ड केला होता, घरी, पलंगाखाली, दोघींनी डोक्यावरून रजई घेऊन. ‘मी नदीकाठच्या घरात राहायचे. ही माझी बाहुली. हिला अंधाराची भीती वाटते, म्हणून ही माझ्याबरोबर आली.’ कितीतरी प्रयत्नांनंतर ती हे न हसता बोलली होती. नवल हे होतं की त्या क्षणी टेबलावर जे ठेवलं होतं, ते ठेवल्यावर टेबलाने गप्प बसायला हवं होतं.

संग्रहालयांसाठी ‘हात लावून बघा’ अशी प्रदर्शनं तयार करणं हे माझं काम. या वेळी मुलांसाठी इजिप्तचं दालन होतं. मधोमध वाळूचा हौद आणि त्यात पुरलेलं एका लहान मुलीचं थडगं, म्हणजे थडग्यातल्या वस्तूंच्या नकला. मुलांनी कुंचल्याने वाळू झाडायची, हाताला लागेल ते उचलायचं आणि शेजारच्या काचेच्या टेबलावर ठेवायचं. प्रत्येक नकलेच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी चिप. टेबल ती ओळखतं आणि त्या वस्तूची गोष्ट सांगतं. कंगवा, चेंडू, लाकडी मांजर, आणि सगळ्यांची लाडकी कापडी बाहुली. नकलेशी खेळून झालं की हौदापलीकडे काचपेटीत खरी बाहुली बघायची. लांबून. हजारो वर्षांपूर्वी एका आईने लेकीच्या कुशीत ठेवलेली.

त्या सकाळी ती खरी बाहुली दालनात आणत होत्या डॉक्टरीणबाई. हे आम्ही ठेवलेलं नाव. जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम त्यांच्याकडे, आणि त्या वस्तूंना ‘पेशंट’ म्हणायच्या. दोन महिने त्या बाहुलीचा नुसता चेहरा आणि हात साफ करत होत्या. वायरमन त्यांना चिडवायचा, “बाई, लग्नाला उभी करताय का हिला?” त्या म्हणायच्या, “चेहरा झालाय. अंग अजून व्हायचंय. घाई तुला असेल, तिला नाही.”

काचपेटी जड होती. संचालक साहेब म्हणाले, “टेकवा जरा इथे, टेबलावर.” डॉक्टरीणबाईंनी टेकवली.

आणि माझी लेक बोलायला लागली. ‘मी नदीकाठच्या घरात राहायचे...’

वायरमन आधी हसला. टेबलाच्या तारा आणि दालनाचे दिवे त्याचेच. “झपाटलं टेबल!” पण त्याचं हसू मध्येच अडकलं. खऱ्या बाहुलीत चिप कुठून येणार? नकला बनवणारे आमचे नक्कलबुवा काचेला नाक लावून वाकले, आणि उठले ते घाम पुसतच.

“अहो, ही माझी आहे. ही खरी नव्हे.”

“चोरी!” साहेब ओरडले. “दारं बंद करा. एवढ्यात कुणी कुणाला फोन करायचा नाही.”

“कुणी हात मारला असेल?” वायरमन म्हणाला.

डॉक्टरीणबाई काहीच ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

“काल चाचणी होती ना? मुलांनी बाहुली हातात घेतली होती? तुझ्या लेकीने घेतली?”

“घेतली की. का?”

“तोंडाला लावली?”

२

आमच्या धंद्यात असं प्रदर्शन मुलांवर तपासल्याशिवाय उघडत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी संग्रहालयातल्या लोकांची मुलं आणली होती. साहेबांच्या भाच्यांनी पहिल्या पंधरा मिनिटांत बाहुलीचा हात उपटला. त्यात विशेष काही नाही. अशा वस्तूंच्या जादा नकला आम्ही आधीच करून ठेवतो. वायरमनने डब्यातून दुसरी बाहुली काढून वाळूत पुरली आणि ती नेमकी माझ्या मुलीला सापडली.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिने बाहुली टेबलावर ठेवली. टेबल गप्प. उचलून पुन्हा ठेवली. गप्प.

“आई, ही बोलत नाही. रुसली.”

“चिप निसटली असेल,” वायरमन म्हणाला.

मी आणि तो टेबलाखाली डोकी घालून वाद घालत बसलो, चूक टेबलाची की चिपेची. वर माझी लेक त्या बाहुलीची समजूत काढत होती. गालाला गाल लावून. मी पाहिलं होतं. तिने बाहुलीचा पापा घेतला होता, एकदा नव्हे, चांगला दहादा. आणि मला तेव्हा वाटलं होतं, फोटो काढायला हवा होता.

“ती खरी होती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जुन्या काळी संग्रहालयांत कीड लागू नये म्हणून अशा कापडांवर पावडर मारायचे. कुठे कडुनिंबाची, कुठे सोमलाची. हिच्यावर मारलीय एवढं ठाऊक आहे. कसली, ते ठाऊक नाही.”

सोमल. माझ्या आजीच्या गोष्टींत सावत्र आया दुधात घालायच्या ते सोमल.

त्याच सकाळी लेकीने दुधाचा पेला बाजूला सारला होता. ‘आई, पोटात दुखतंय.’ आणि मी म्हणाले होते, ‘शाळेच्या वेळेलाच बरं दुखतं ग तुझं पोट!’ तशीच तिला तिच्या बाबाच्या गाडीवर बसवून पाठवून दिलं होतं.

मी दुरुस्तीच्या ट्रेकडे धावले. चाचणी संपल्यावर वायरमनने ती मुकी बाहुली तिथे ठेवली होती. ट्रेमध्ये हात उपटलेली नक्कल होती, एक चाक होतं, मांजराचा कान होता.

मुकी बाहुली नव्हती.

३

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने मुलीचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, नखं पाहिली. मुलगी तिला सांगत होती की तिच्या बुटांना दिवे आहेत.

“आत्ता तरी ठीक दिसतेय,” डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाली. “पण सोमल असेल तर सुरुवातीला असंच दिसू शकतं. रक्ता-लघवीचे नमुने मोठ्या लॅबला जातील, रिपोर्टला दोन दिवस. उतारा आहे माझ्याकडे. पण तो एवढ्याशा जिवाला झेपेल असा सहज द्यायचा नसतो, मूत्रपिंडावर येतो. नुसत्या शंकेवर देऊ? की न देता वाट बघू? ती पावडर मिळाली तर इथल्या इथे तासाभरात सांगता येईल.”

“काल घातलेला फ्रॉक?”

“आणा.”

फ्रॉक मी रात्रीच धुतला होता. वाळूने भरला होता म्हणून दोनदा खळबळला होता. डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्यावरून काढलेली पावडर बंद डब्यातून कधीच नष्ट करायला गेली होती. हौदातली वाळू ट्रकभर. म्हणजे राहिली ती बाहुली.

तिचा बाबा बाकावर बसला होता, मांडीवर तिचे दिव्यांचे बूट घेऊन. दर थोड्या वेळाने तो टाच दाबायचा, दिवा लागायचा, विझायचा.

“ताईला बोलवू का?” शेवटी तो एवढंच म्हणाला.

त्याची मोठी बहीण विम्याच्या चौकशा करते. जळालेल्या गोदामात जाऊन आग लागली की लावली हे सांगते. लग्नानंतर मी तिला थट्टेने ‘वन्सं’ म्हणायला लागले आणि ते तसंच राहिलं. त्यांना ते आवडतं, कबूल करत नाहीत एवढंच.

वन्सं हेल्मेट न काढताच दवाखान्याच्या दारातून आत आल्या. काच वर करून भाचीच्या गालाचा मुका घेतला, तिच्या मुठीत चॉकलेट कोंबलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “रडून झालं असेल तर चल. राहिलं असेल तर गाडीवर रड, वाऱ्यात कुणाला दिसत नाही.”

संग्रहालयात त्यांनी पहिल्याच वाक्यात साहेबांना सांगून टाकलं, “मी हिची नणंद. तेव्हा संशय पहिला हिच्यावर घेणार, घरची सवय आहे. बाहेरचे पोलीस तुम्हाला नकोत, असं कळलं. बोलावणार आहातच तुम्ही, पण ते येईपर्यंत मी चार प्रश्न विचारते. चालेल ना?”

साहेबांनी मान हलवली. चालत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

४

दालनात सगळे दिवे चालू होते. मुलं नसलेल्या हौदाकडे मला बघवेना. वाळूत अजून लहान लहान हातांचे ठसे होते, आणि त्यांतला कुठला तिचा हे मी शोधत होते.

वन्संनी हौदाच्या कठड्यावर बैठक मारली आणि वायरमनला समोर बसवलं.

“दुसरी बाहुली डब्यातून तूच काढलीस?”

“हो, पण ताई, शपथ सांगतो, मला काय माहीत! ‘जादा नकला’ असं लिहिलेला डबा. वरच्या वस्तू सगळ्या रद्दीत गुंडाळलेल्या. ही सगळ्यात तळाशी, पांढऱ्या मऊ कागदात. मला वाटलं, बुवांनी खास केलेली असेल. म्हणून तीच घेतली. साहेबांची भाचरं होती ना, म्हटलं चांगली वस्तू काढू.”

“आणि ती बोलेना तेव्हा यंत्र लावून नाही बघितलीस, आत चिप आहे का?”

त्याने मान खाली घातली. “बघणार होतो. पण वहिनींशी भांडण झालं ना. त्या म्हणाल्या, टेबल बिघडलंय. मग मी चिडलो, ट्रेमध्ये टाकली आणि गेलो.”

वहिनी म्हणजे मी. वन्संनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

नक्कलबुवा स्वतःहूनच बोलायला लागले. “माझ्याकडे बोट करू नका. पांढरा कागद माझा नाही. मी आयुष्यभर रद्दी वापरत आलोय.”

“तुम्हीच म्हणायचात ना, माझी नक्कल काचेत ठेवली तर देवालाही कळणार नाही?” साहेब म्हणाले.

“म्हणायचो! अजून म्हणतो. कळलं का तुम्हाला, टेबल बोलेपर्यंत?” बुवांच्या आवाजात भीती होती, पण तिच्यात थोडा अभिमानही मिसळला होता. “पण जिने लोकांना फसवायचं, त्या नकलेत मी चिप कशाला शिवून ठेवीन? चिप मी शिवतानाच घालतो. नंतर उसवलं की कापड बिघडतं.”

“पण चिपा तर शेवटच्या आठवड्यात घालायच्या होत्या,” डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून म्हणाल्या. “बैठकीत तसंच ठरलं होतं.”

“ठरलं होतं. मी ऐकलं नाही.”

“काचपेटीची किल्ली कुणाकडे?” वन्संनी विचारलं.

“बाईंकडे,” साहेब म्हणाले.

“आणि तुमच्या खोलीत खुंटीवर,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

“आणि मी पेटीतले दिवे बसवले तेव्हा दोन दिवस माझ्याकडे,” वायरमन म्हणाला आणि लगेच पस्तावला.

“छान,” वन्सं म्हणाल्या. “म्हणजे किल्लीचा उपयोग शून्य. तो पांढरा कागद कुठे असतो?”

“माझ्या खोलीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण गुंडाळी बाहेरच्या बोळात ठेवलेली असते. हा वायरमन त्याने काचा पुसतो.”

“एकदाच पुसली!”

“साहेब,” वन्सं वळल्या, “त्या बाहुलीवर कसली पावडर आहे, हे अजून कुणालाच कसं माहीत नाही?”

साहेबांनी टाय सैल केला. “चाचणी करायचीच होती. उद्घाटनानंतर. एकेक कामं मार्गी लावत होतो आम्ही.”

“मी तीनदा लेखी मागितली होती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माझा फोन वाजला. तिचा बाबा होता. “तिला एक उलटी झाली,” तो म्हणाला. “डॉक्टर विचारतेय, उतारा सुरू करू का? अर्ध्या तासात पावडर हातात आली तर थांबते म्हणाली. त्यापुढे नाही.”

५

मला त्यानंतरची काही मिनिटं नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं, मी हौदात उतरले होते आणि वाळू उपसत होते, कुणीतरी तिथे परत पुरली असेल म्हणून. वन्संनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

“ऐक माझं. सकाळी टेबल बोललं तेव्हा कोण काय बोललं, ते मला एकेक शब्द सांग. तू बोलत सुटतेस तशी नको. झालं तसं.”

मी सांगितलं. वायरमनचं हसणं. बुवांचं नाक. साहेबांचं ‘चोरी’. मनगट धरलेलं. ‘मुलांनी बाहुली हातात घेतली होती?’

वन्सं डॉक्टरीणबाईंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज एकदम मऊ झाला त्यांचा, आणि मला तो मऊपणा आवडला नाही.

“बाई, काचेत नक्कल निघाली. मग खरी कुठे? कुणीही म्हणेल, चोर घेऊन गेला. हे तिघंही तेच समजले. चोराने नेलेली वस्तू मुलांच्या हातात कशी जाईल? तुम्हाला एकटीलाच मुलं आठवली. हे चिडले आणि तुम्ही घाबरलात. म्हणजे खरी बाहुली मुलांच्या खेळण्यांत आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

मी सकाळपासून त्या पकडलेल्या मनगटाबद्दल मनातल्या मनात त्यांचे आभार मानत होते.

डॉक्टरीणबाई खाली बसल्या, हौदाच्या कठड्याला पाठ लावून, फरशीवर.

“हे दिवे बघा,” त्या म्हणाल्या. “वर बघा एकदा. तिच्या चेहऱ्यावर एवढाच रंग उरलाय, भुवया आणि एक गाल. या उजेडात वर्षभरात गेला असता. मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, मुलांना अंधारात काय दिसणार? मग मी पेटीत नक्कल ठेवली आणि हिला ठेवलं नकलांच्या डब्यात, तळाशी. तिथे कुणी बघणार नाही. दालन जुनं झालं, दिवे कमी झाले, की बदलून टाकेन म्हटलं.”

“जादा नकलांच्या डब्यात?” मी ओरडले. “बाई, तो डबा रोज उघडतो!”

“रोज?” त्यांनी खरोखर न कळून विचारलं. “जादा म्हणजे... माळ्यावर ठेवायच्या नाहीत त्या?”

आमच्याकडे जादा नग म्हणजे उद्या मोडणाऱ्याच्या जागी परवा लागणारा नग. मुलं वस्तू मोडणार, हे धरूनच आम्ही काम करतो. त्यांच्या खोलीत चार हजार वर्षांत फुटलं नाही ते आपल्या हातून फुटू नये म्हणून माणसं श्वास रोखून चालतात. एखादी वस्तू मोडायसाठीच केलेली असते, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“आता कुठे आहे ती?” वन्संनी विचारलं. “ट्रेमधून तुम्ही उचललीत?”

“ते मला माहीत असतं तर मी अशी बसले असते?” त्या रडायला लागल्या. “चाचणीला मी नव्हतेच. हिच्या मुलीचं सकाळी कळलं. मी तिला माझ्या खोलीत बसवते हो रोज. मला लळा आहे तिचा.”

हे खरं होतं. शाळा सुटल्यावर माझं काम संपेपर्यंत मुलगी त्यांच्या दाराशी स्टुलावर बसून चित्रं काढायची. कशालाही हात न लावता. तिथले सगळे नियम तिला पाठ होते, घरी बाहुल्यांना ती तेच ऐकवायची. मोठ्याने बोलायचं नाही. शिंकायचं नाही. नवी पेशंट आली की आधी...

मी वन्संची बाही ओढली.

“वन्सं,” मी म्हणाले, “ट्रेजवळ काल मुलंही होती.”

“आणि मुलांना आत्तापर्यंत कुणीच काही विचारलं नाही,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी फोन केव्हाच कानाला लावला होता. “अरे, तिला दे. हो, आत्ताच.”

६

“आत्या! मला सुई टोचली. मी नाही रडले. बाबा रडला.”

“बाबा लहानपणापासून तसाच आहे ग. मला सांग, कालची ती बाहुली, बोलत नव्हती ती. ती कुठे गेली?”

“तिला बरं नव्हतं.”

“मग?”

“मग दवाखान्यात नेली ना.” आत्याला एवढंही कळत नाही याचं तिला वाईट वाटलेलं ऐकू येत होतं. “डॉक्टरीण मावशीच्या. मावशी नव्हती, म्हणून मीच ठेवली. नवीन पेशंट खाली ठेवायचा. पांघरूण घालायचं. दार लावायचं. आणि महिनाभर उघडायचं नाही. तुम्ही उघडू नका हां, आत्या.”

डॉक्टरीणबाई आमच्या आधी धावल्या.

त्यांच्या खोलीत भिंतीशी एक बुटकं कपाट आहे. बाहेरून आलेली वस्तू, तिच्यातली कीड दुसऱ्यांना लागू नये म्हणून, महिनाभर त्यात वेगळी ठेवतात. ते मध्ये उघडायचं नाही हा त्यांचाच नियम, म्हणून मी दवाखान्यात असताना त्यांनी सगळी खोली शोधली होती आणि तेवढं कपाट सोडलं होतं. त्यांनी हातमोजे चढवले. घाईत एक मोजा उलटा गेला.

सगळ्यात खालच्या कप्प्यात बाहुली उताणी झोपली होती. भुवया आणि एक गाल. गळ्यापर्यंत पांघरूण घातलं होतं, माझ्या लेकीच्या डब्याचा रुमाल, वरणाचा पिवळा डाग असलेला. आदल्या रात्री मी तो घरभर शोधला होता.

डॉक्टरीणबाईंनी एकेका जागेची पावडर वेगवेगळ्या पाकिटांत घेतली. चेहरा. हात. पाठ. घेराची आतली बाजू. वन्संनी ती पाकिटं जॅकेटच्या आतल्या खिशात घातली आणि मी मागे बसले. रस्ताभर मी रडले नाही. वाऱ्यात रडलेलं दिसत नाही, हे ठाऊक असूनही.

लॅबच्या खिडकीशी आम्ही तिघं उभे होतो, वन्सं, मी आणि मुलीचा बाबा. मुलगी आत झोपली होती. डॉक्टर कागद घेऊन आली तेव्हा मी तिच्या चेहऱ्याऐवजी तिच्या चपलांकडे बघितलं.

“सोमल आहे,” ती म्हणाली.

तिच्या बाबाने भिंत धरली.

“थांबा, पुढे ऐका. घेरात आहे, पाठीवर आहे, भरपूर आहे. पण चेहऱ्यावर काही नाही. हातांवर नाही म्हणावं इतकं. कुणीतरी तेवढाच भाग फार निगुतीने साफ केलाय. तुमच्या मुलीने पापे कुठे घेतले?”

“गालावर,” मी म्हणाले. “गालावरच. मी बघितलंय.”

“हातात कशी धरली होती?”

मी डोळे मिटले. टेबलाच्या काचेतून वर बघितलेलं दिसलं. दोन्ही हात बाहुलीच्या हातांत, जशी मोठी माणसं तिला झुलवतात तशी.

“उतारा देत नाही मी,” डॉक्टर म्हणाली. “पाणी पाजू, लक्ष ठेवू, रिपोर्ट येऊ देत. उलटीचं म्हणाल, तर ती इथे आल्यावर तिच्या आत्याने दिलेल्या चॉकलेटची असावी.”

वन्सं छताकडे बघायला लागल्या.

रिपोर्ट दोन दिवसांनी आले. नीट आले. ते दोन दिवस मी लिहिणार नाही. सकाळच्या पोटदुखीचं कारणही नंतर कळलं. शाळेतल्या नव्या बाई डोळे मोठे करतात, हे.

डॉक्टरीणबाईंनी राजीनामा दिला. साहेबांनी तो परत केला. ठेवून घेतला असता तर दिव्यांचं आणि पुढे ढकललेल्या चाचणीचं उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं, आणि वन्संचा अहवाल तसाही वरपर्यंत गेला होता. उद्घाटन पुढे गेलं. हौदातली वाळू बदलली. जादा नकलांचा डबा आता लाल आहे आणि त्याला कुलूप आहे.

मी डॉक्टरीणबाईंशी कामापुरतं बोलते. त्यांनी माझ्या मुलीला मारलंच असतं, आणि त्यांनीच वाचवलं. दोन्ही त्या एकाच बाहुलीच्या काळजीपोटी. यापैकी कुठल्या गोष्टीसाठी त्यांच्याशी कसं वागायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मुलीला मात्र असला प्रश्न नाही. दालन उघडलं त्या दिवशी ती सरळ त्यांचा हात धरून काचपेटीपाशी गेली.

पेटीत आता खरी बाहुली आहे. उजेड इतका कमी की डोळे सरावायला वेळ लागतो.

“बरी झाली?” मुलीने विचारलं.

“चेहरा झाला. अंग अजून चाललंय.”

“पण इतका अंधार का केला? तिला भीती वाटते ना अंधाराची!”

“नाही ग,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हिला उजेडाची भीती वाटते. अंधारात बरं असतं हिला.”

मुलीने माझ्याकडे वळून बघितलं, डोळे वटारून, अगदी त्या शाळेतल्या बाईंसारखे. “आई! मग आपण टेबलाला खोटं सांगितलं.”

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा पलंगाखाली गेलो. डोक्यावरून रजई. मी तिला इतकं जवळ धरलं होतं की तिने दोनदा “आई, श्वास!” म्हणून मला ढकललं.

‘मी नदीकाठच्या घरात राहायचे. ही माझी बाहुली. हिला उजेडाची भीती वाटते, म्हणून...’ आणि तिला हसू आलं. फुसकन, नाकातून.

या वेळी मी ते पुसलं नाही. टेबलावर बाहुली ठेवली की आजही ते हसू ऐकू येतं. मुलं ते ऐकायला परत परत बाहुली ठेवतात, आणि दर वेळी दालनात कुठेही असले तरी मी हातातलं काम थांबवून ते शेवटपर्यंत ऐकते.